परत जाण्याचे दहा दिवस

केडगाव,
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

चिरंजीव लिहावं तर तुला आवडायचं नाही, आणि नुसतं नाव लिहावं तर माझाच हात अडतो. तेव्हा वरती जे वाटेल ते तूच घालून घे आणि पुढं वाच. पण वाच. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तसंच फळीवर टाकून देऊ नकोस.

तुझा हैदराबादचा पत्ता रामहरीने दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाला, "ताई, पत्ता घ्या, पन नंबर मागू नका. त्यानं शपथ घातलीय मला." तुझ्या दोस्ताने शपथ पाळली, त्याला बोल लावू नकोस. आठ महिने मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. आजही मागितलं नसतं.

दाजींचं बोलणं बंद पडलंय.

कॉम्प्युटर चालू आहे, बंद पडलंय ते तुझं 'हगामा'. परवा सोमवारी कॉम्प्युटर आपला आपणच अपडेट झाला. दहा नंबरची सिस्टीम गेली, अकरा नंबरची आली. खालची पट्टी मधोमध सरकली, रंग बदलले, आणि 'हगामा' उघडायला गेले तर एक चौकोन येतो, "बटणाचं खोकं सापडत नाही", आणि लगेच मिटतो. मी वायर काढून घातली. साबणाच्या डबीतलं तुझं खोकं पुसून फुंकून घेतलं. त्याच्यातला लाल दिवा लागतो. पण कॉम्प्युटरला ते दिसतच नाही.

तुला काय सांगायचं, तूच तर दारावरच्या बेलचं बटण सोडवून ह्यांच्या अंगठ्याखाली बसवलंस. पडद्यावर ओळींमागून ओळी उजळत जायच्या, हव्या त्या ओळीवर आणि मग हव्या त्या वाक्यावर हे अंगठा दाबायचे, आणि ह्यांचाच जुना आवाज घरात घुमायचा. आता अंगठा तसाच बटणावर आहे आणि समोर नुसतं निळं चित्र. मी विचारते, चहा? डोळे मिटले की हो. पाठीला उशी? उघडे ठेवले की नाही. पण मी विचारीन तेवढंच ना ते. त्यांना स्वतःहून काय म्हणायचं असेल ते मला कुठून कळणार?

गेल्या महिन्यात पुण्याला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, ह्या नसांच्या आजारात डावा अंगठा एवढे दिवस टिकला हेच खूप. उजवा तू असतानाच गेला होता. डाव्याचं आता महिने धरायचे की आठवडे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मोबाईलवर वाचलं की नवी सिस्टीम नको असेल तर दहा दिवसांच्या आत जुनीवर परत जाता येतं. सेटिंगमध्ये 'परत जा' असं बटण असतं म्हणे. सोमवारपासून धरले तर तेवीस तारखेपर्यंत मुदत आहे. मी अजून तिकडं गेले नाही. माझ्या हातून आणखी काही बिघडलं तर? दाबू का, एवढं सांग. रामहरीला फोन करून सांगितलंस तरी चालेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

दिवाळीचे एकोणतीस ब्लाउज अजून मशीनवर पडलेत आणि मी हे लिहीत बसले आहे. यावरून काय ते समज.

ताई

*

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
वसुबारस

कल्याण,

पहिलं पत्र तुला पोचायच्या आधीच हे दुसरं लिहिते आहे, कारण त्यात एक खोटं आहे. कॉम्प्युटर आपोआप अपडेट झाला नाही. मी दाबलं.

महिनाभर पडदाभरून सूचना येत होती, की जुन्या सिस्टीमची राखण चौदा ऑक्टोबरला संपते. मला वाटलं चौदा तारखेनंतर कॉम्प्युटर बंदच पडेल. माणूस घाबरतो. तेरा तारखेला सकाळी दाबलं, दुपारी तीनपर्यंत ते चाललं. झालं ते झालं.

काल रामहरी कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान लवकर बंद करून आला. मी त्याला चहा टाकेपर्यंत तो 'परत जा' शोधून बसला होता. पण ते बटण फिकट पडलेलं. दाबलं तरी काही होईना. खाली लिहिलेलं की परत जायला लागणारं सामान आता नाही.

"ताई, मदी काही काढून टाकलं का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"नीट आठवा. जुन्या सिस्टीमचं गाठोडं ते दहा दिस बाजूला ठिवतंय. चोवीस-पंचवीस जीबीचं असतं. ते कुनीतरी पुसलंय."

मग आठवलं. म्हणजे विसरले कधी होते? मंगळवारी मी घर आवरायला काढलं होतं. फळ्यांवरचे डबे, माळ्यावरच्या गोधड्या, ह्यांच्या जुन्या फेट्यांची पेटी, सगळं अंगणात. गोजरबाई मदतीला आली होती. पलीकडच्या आळीतली, आता रोज ह्यांची कूस बदलायला येते. तिचा आपला एकच धोशा, "जुनं भायेर काढल्याबिगर लक्षुमी उंबरा वलांडत न्हाई, माला." त्याच नादात कॉम्प्युटर पुसायला बसले. डिस्क भरली म्हणून लाल रेघ दाखवत होता. साफ करायचं असं एक पान उघडलं, त्यात सगळ्यात मोठं होतं, 'आधीची सिस्टीम', चोवीस जीबी. खूण केली. एकदा विचारलं त्याने, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्या दिवशी मी सगळ्यालाच नक्की म्हणत होते.

फाटके परकर मी चार वर्षं ठेवले, कल्याण. उपयोगी पडतील म्हणून. आणि ज्याच्यावाचून हे मुके झाले ते दोन मिनिटांत टाकलं. मशीनवर बसणारी बाई आहे मी, चुकलेली शिवण उसवता येते हे मला कळतं. पण कापड कापल्यावर काय करायचं?

रामहरी म्हणतो, "मी कोरी दहा नंबर टाकून देतो, दोन तासाचं काम हाय. पन खोक्याला वळखनारा प्रोग्रामचा तुकडा कल्याननं सोता लिवलाय. नवी सिस्टीम असला घरगुती तुकडा चालू देत न्हाई. आन कोरी टाकली तर समदंच पुसून जाईल, हगामा बी आन दाजींचे आवाज बी. मूळ प्रत एकट्या कल्यानपाशी हाय. ती आल्याबिगर मी हात लावनार न्हाई."

ऐकलंस ना. प्रत तुझ्याकडंच आहे ना? तू असल्या गोष्टी टाकणाऱ्यातला नाहीस. उन्हाळ्यात, तेवीस साली, ह्याच खोलीत खिडक्यांना गोधड्या बांधून, आवाज येतो म्हणून कूलर बंद ठेवून, तुम्ही दोघं तीन आठवडे बसला होतात. घामाने निथळत. ह्यांचा आवाज तेव्हाच जड व्हायला लागला होता, सकाळी पहिला तासभर तेवढा खणखणीत असायचा. दोनशे बारा वाक्यं. नेवाशाकडच्या यात्रांमध्ये ह्यांनी वीस वर्षं कुस्त्यांचा हगामा माईकवर गाजवला, म्हणून तू त्याचं नावच 'हगामा' ठेवलंस. नवव्या ओळीतलं "अरं, टाळ्या तर वाजवा!" मी भाकरी ताटात वाढली की हे दाबायचे. मी चिडायचे. चिडल्यासारखं करायचे.

ती दोनशे बारा वाक्यं तू पुसली नाहीस एवढं कळव. बाकी मग बघू.

ताई

*

रविवार, १९ ऑक्टोबर

कल्याण,

काल रामहरीने तुला फोन केला म्हणे. सगळं सांगितलं म्हणे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, "स्क्रीनवरची चिठ्ठी कुणी काढली?" आणि फोन ठेवलास.

रामहरीला त्याचा अर्थ कळला नाही. त्याने मला विचारलं, "कंची चिठ्ठी, ताई?" मी म्हटलं, मला काय माहीत. तो गेल्यावर मी मशीनवर बसले आणि एक बाही उलटी जोडली. उसवली, पुन्हा उलटीच जोडली.

चिठ्ठी मी काढली.

पिवळा कागद, वरून चिकटपट्टी, तुझं तिरकं अक्षर. "ताई, अपडेट विचारलं तर नाही म्हण. बटणाचं खोकं चालणार नाही. — क." मी नखाने चिकटपट्टी सोडवली आणि चिठ्ठी चिंध्यांच्या पिशवीत टाकली, आणि मग अपडेट दाबलं. घाबरले होते, कॉम्प्युटर बंद पडेल वाटलं, हे सगळं मी तुला सांगितलं ते रचलेलं. मला माहीत होतं काय बंद पडणार ते. बंद पडावं म्हणूनच मी दाबलं.

आता सगळंच सांगते. तुला अर्धं माहीत आहे, अर्धं नाही.

फेब्रुवारीतला तो दिवस तुला विसरता येणार नाही. मी भाकरी थापत होते, तू पंखा दुरुस्त करत स्टुलावर उभा होतास. आणि आतून ह्यांचा आवाज आला, अगदी मैदानावरचा, भरदार. "माले, आता बास झालं. मला जाऊ दे." असं वाक्य त्यात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. चौदावी ओळ, सगळ्यात खाली, तिच्यात तेवढं एकच. आजारी माणसाच्या क्षीण आवाजात आलं असतं तर कदाचित सोसलं असतं. तो आवाज धडधाकट माणसाचा होता.

मी तशीच पिठाच्या हातांनी तुझ्यावर धावून आले. काय काय बोलले ते सगळं आठवतं. "जित्या माणसाच्या तोंडात मरणाचे शब्द घातलेस." तू म्हणालास, "ताई, मी नाही घातले. दाजींनीच मला सांगून रेकॉर्ड करून घेतलं. तुला सांगू नको म्हणाले. हे वाक्य त्यांचं आहे, मी ते काढणार नाही." मी काढ म्हटलं. तू नाही म्हणालास. मी तुझी बॅग अंगणात फेकली. मला भाऊ नाही असं म्हटलं. हे आत सगळं ऐकत होते, आणि मी तुला हाकलेपर्यंत आतून "कल्याण, थांब" असं तीनदा वाजलं होतं. पाचव्या ओळीतलं. तू ऐकलंस का ते? मी ऐकलं होतं.

त्यानंतर आठ महिने ह्यांनी ती ओळ दाबली नाही. उजेड चौदाव्या ओळीवर आला की माझ्या हातातली सुई थांबायची. मग तो वर पहिल्या ओळीवर जायचा आणि मी श्वास सोडायचे. दिवसातून किती वेळा, ते तूच काढ.

बारा तारखेला, रविवारी, दाबली. सकाळी एकदा. जेवताना एकदा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा. ब्लाउज न्यायला बायका आलेल्या, त्यांच्यासमोर. एक जण म्हणाली, "टीव्ही लावलाय व्हय?" मी हो म्हटलं आणि आत जाऊन आवाज बंद केला. स्पीकरचं बटण शून्यावर फिरवलं. हे माझ्याकडं बघत होते आणि अंगठा हलत होता, आणि काही ऐकू येत नव्हतं. कल्याण, मी तशीच बाहेर येऊन बायकांना हुक कुठं लावायचे ते विचारत बसले.

रात्रभर मी विचार केला तो असा. अपडेट केलं तर खोकं बंद पडेल. दहा दिवसांत परत जाता येतं, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणजे दहा दिवस घर शांत राहील. दिवाळी निभेल. भाऊबीज झाली की 'परत जा' दाबायचं, आणि ह्यांना सांगायचं की बिघडलं होतं, दुरुस्त झालं. दहा दिवसांची सुट्टी मला हवी होती. तेवढीच. मी माझ्या नवऱ्याच्या बोलण्यापासून सुट्टी घेतली.

आणि दुसऱ्याच दिवशी घर आवरताना परतीची वाट स्वतःच्या हाताने पुसली. 'आधीची सिस्टीम' म्हणजे तीच वाट, हे मला खरंच कळलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीत मी खरी आहे. पण आता कोण विश्वास ठेवणार, मीसुद्धा ठेवत नाही.

तू विचारलंस, मी सांगितलं. आता तू सांग.

ताई

*

मंगळवार, २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन

कल्याण,

तुझं काही आलं नाही. पहिलं पाकीट तुझ्याकडं शनिवारीच पोचलं असं पोस्टाच्या पानावर दिसतं. सही तुझ्या नावाची आहे.

दोन दिवस ह्यांचं खाणं तुटलंय. पेज घट्ट करून चमच्याने देते, पहिले दोन घोट घेतात आणि तोंड मिटून घेतात. कंटाळा आला का, डोळे उघडे. दुखतंय का, उघडे. माझ्यावर रागावलात का, म्हटलं. डोळे उघडेच, पण माझ्यावरून हलेनात. मग काय? मी प्रश्न विचारत सुटले, गोजरबाईने मला खांद्याला धरून बाजूला केलं. "आगं, किती इचारशील? त्येला सांगायचं हाय, आन तू इचारतीस."

आणि ते बटण. बटण मेलंय, तरी दाबलं की टिक असा आवाज येतोच. हे दिवसभर ते दाबत असतात. मी मशीनवर, हे खाटेवर, आणि टिक. समोर उजेड नाही, ओळी नाहीत, तरी टिक. मला आधी वाटलं सवय आहे. मग ऐकत राहिले. ठरावीक अंतराने आहे ते. मनातल्या मनात ओळी मोजून दाबतात हे! पहिली ओळ, दुसरी, तिसरी, टिक. त्यांना वाटतं की मला कळेल. मला चौथीनंतर चुकायला होतं.

आज सकाळी तासभर टिक आलीच नाही. मी कापलेलं कापड तसंच टाकून आत गेले. अंगठा बटणावर होता, थरथरत होता, पण दाबला जात नव्हता. मी हातात धरून चोळला, तेल लावलं, कोमट पाण्याची पिशवी ठेवली. अर्ध्या तासाने टिक आली. मी काय रडले ते गोजरबाईला विचार.

मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि खडूने तुझ्या ओळी लिहून काढल्या. सगळ्या पाठ निघाल्या. मला वाटायचं मी कधी लक्षच देत नाही. पुठ्ठा ह्यांच्यासमोर धरून बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले. पहिली ओळ, चहा, पाणी, भूक, नको. दुसरी ओळ, कूस बदल, पाय सरळ कर, डास. ह्यांचे डोळे मोठे झाले. चौथ्या ओळीला टिक. चौथी माहीत आहे ना, माणसांची. माला, गोजरबाई, रामहरी, डॉक्टर, कल्याण. मी एकेक म्हणत गेले. कल्याणवर टिक.

मी म्हटलं, कल्याण हैदराबादला आहे. पुन्हा वाचायला घेतलं. पुन्हा चौथी, पुन्हा तूच. मग मी पत्रं पाठवलीत म्हणून सांगितलं तेव्हा कुठं डोळे मिटले.

दुपारभर आम्ही बोललो. आठ दिवसांनी. मी थकले की गोजरबाई वाचायची, तिला लिहिता-वाचता येत नाही, तिने ऐकून पाठ केलं. लक्ष्मीपूजनाचं ताट बाजूला आणि आम्ही दोघी बायका पुठ्ठा घेऊन बसलेल्या.

आता खरं ते. पुठ्ठ्यावर मी तेराच ओळी लिहिल्या.

तेरावी संपली की मी पुन्हा वर पहिलीला जाते. आणि दर वेळी तिथं हे वाट बघतात. अंगठा सैल, डोळे पुठ्ठ्याच्या खालच्या कोऱ्या जागेवर. काही दाबत नाहीत, नुसतं बघतात. मी पहिली ओळ वाचायला लागते. ते कोऱ्या जागेकडंच बघत राहतात.

शब्द तोंडात घातलेस म्हणून मी तुला घरातून काढलं. मी तर होते ते तोंडातून काढून घेतले. आधी आवाज बंद करून, मग कॉम्प्युटर मोडून, आणि आता पुठ्ठ्यावर जागा सोडून.

परवा भाऊबीज. ये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण ये. घरात येऊ नकोस, माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस. रामहरीच्या दुकानात बस, कॉम्प्युटर मी तिथं पाठवते.

ताई

*

गुरुवार, २३ ऑक्टोबर
भाऊबीज

कल्याण,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तेवढा वेळ नाही. रामहरीला देते आहे. फोटो काढून तुला पाठव म्हणून सांगितलंय, आणि हवं तर वाचही म्हटलंय. आता कुणापासून लपवायचं राहिलं नाही.

तू आला नाहीस. पुणे रस्त्यावर उसाच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर चाललेत, प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी दारात जाऊन आले. गोजरबाई म्हणाली, "बस की खाली. यायचा आसल तर तुज्या उटन्यानं यील व्हय?" संध्याकाळी ताट केलं. भाऊ आला नाही तर आपली आई चंद्राला ओवाळायला लावायची, आठवतं? तू अकरावीला नगरला होतास त्या वर्षी मी ओवाळलं होतं. आज ताट घेऊन अंगणात गेले, बिजेची कोर दिसली, आणि माझा हात उठेना. चंद्राने माझं काय केलंय? आत आले आणि तुझ्या साबणाच्या डबीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि तिला ओवाळलं. लाल दिवा लागलेला होता. हे बघत होते. ह्यांना हसता येत नाही आता, पण डोळ्यांच्या कडांना मला ते दिसलं.

मुदत आज संपली. कॉम्प्युटरच्या हिशेबाने दहा दिवस आज भरले. माझे दुसऱ्याच दिवशी भरले होते.

ओवाळून झाल्यावर मी खडू घेतला आणि पुठ्ठ्यावर चौदावी ओळ लिहिली.

गोजरबाईला घरी जा म्हटलं. ती गेली नाही, दाराशी बसून राहिली. मी पुठ्ठा समोर धरला आणि पहिलीपासून वाचायला लागले. चहा, पाणी, भूक, नको. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटत होता. पाचवी, सहावी. नवव्या ओळीला "अरं, टाळ्या तर वाजवा" म्हणताना मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा घेतलं. तेरावी झाली. मग बोट खाली नेलं आणि म्हटलं. सगळं म्हटलं. "माले, आता बास झालं. मला जाऊ दे."

स्वतःच स्वतःला हाक मारून ते म्हणायचं होतं, कल्याण.

बोट तिथंच धरून थांबले. अंगठ्याकडं बघत. उजेड थांबायचा त्याहून कितीतरी जास्त थांबले. टिक आली नाही. वाटलं अंगठ्यात जोरच उरला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. ह्या वेळी माझ्या तोंडाकडं बघत होते. टिक नाही. डोळे भरले होते ह्यांचे, मी पदराने पुसले.

मग बोट वर नेलं. पहिली ओळ. टिक. चहा, म्हटलं. टिक.

एवढा मोठा आवाज त्या बटणाचा मी कधी ऐकला नव्हता.

चहा केला, ठसका लागू नये म्हणून घट्ट केला, चमच्याने दिला. सगळा घेतला. मी समोर बसून होते. आज मला कळलं की ते वाक्य ह्यांना दर वेळी म्हणायचंच असतं असं नाही. म्हणता यावं, एवढं हवं असतं. आणि मी तीच एक जागा पुन्हा पुन्हा बंद करत होते. तुला हे आधीच कळलं होतं. तू तेव्हा सांगितलंस, मी बॅग फेकली. माझं चुकलं. हे मी मोठ्याने म्हणाले, ह्यांच्यासमोर, आणि आता लिहून देते.

पण मी खुळी नाही. आज दाबलं नाही म्हणजे उद्या दाबणार नाहीत असं नाही. एक दिवस माझं बोट चौदाव्या ओळीवर असेल आणि टिक येईल. तेव्हा घरात कुणाचा आवाज असेल? माझाच. ह्यांची शेवटची गोष्ट मी माझ्या घोगऱ्या आवाजात मलाच सांगणार, आणि उद्या मला वाटणार की बहुतेक मीच ते म्हटलं. ते मला सोसणार नाही. मला ते ह्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. त्या उन्हाळ्यातल्या, कूलर बंद केलेल्या खोलीतल्या आवाजात. मी स्पीकर बंद करणार नाही. तुझी शपथ घेत नाही, माझ्या शपथेला आता काय किंमत. ह्यांची घेते.

तर ओवाळणी मागते. ओवाळलं नाही तरी मागते. दहा नंबरची सिस्टीम, खोक्याचा तुकडा, दोनशे बारा आवाज, सगळं होतं तसं परत आण. चौदावी ओळ होती तिथंच ठेव. एक वाक्यही गाळू नकोस.

आज दुपारी दोन वेळा अंगठा अडकला. तेलाने सुटला. उद्याचं माहीत नाही.

अंगठा आहे तोवर ये.

तुझी ताई
विजयमाला